धनुष्कोडीच्या वाळूचा पूर्वेतिहास

तामिळनाडू सरकारने २०२५ च्या जागतिक पर्यावरण दिनी धनुष्कोडी येथे मोठ्या रोहित पक्ष्यांसाठी, म्हणजे फ्लेमिंगोंसाठी, अभयारण्य जाहीर केले आणि रामनाथपुरम जिल्ह्यातील सुमारे ५२५ हेक्टर दलदल, वाळू व उथळ पाणी त्याच्या हद्दीत घेतले. धनुष्कोडी म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांना रामसेतूचे टोक आठवते, नाहीतर १९६४ च्या वादळात उद्ध्वस्त झालेले गाव. मात्र हे अभयारण्य नेमके तेथेच का झाले हे समजून घ्यायचे, तर त्या गावाच्याही मागे जाऊन वाळूपासून सुरुवात करावी लागते. यात्रा, रेल्वे, बंदर आणि पक्षी हे सारे तेथे आले ते या वाळूच्या ठेवणीमुळे, आणि त्यांपैकी जे वाहून गेले तेही तिच्यामुळेच.

रामेश्वर बेटाच्या आग्नेय टोकापासून वाळूची एक लांबट, निमुळती पट्टी समुद्रात शिरते आणि अरिचल मुनै येथे संपते. तेथून श्रीलंकेचे तलैमन्नार सुमारे तीस किलोमीटरवर आहे. मधल्या समुद्रात वाळूचे दांडे आणि उथळे ओळीने पसरलेली असून काही ठिकाणी पाणी जेमतेम मीटरभर खोल भरते. पट्टीच्या उत्तरेला पाल्कचा उपसागर आहे, दक्षिणेला मन्नारचे आखात. पाल्कचा उपसागर उथळ आणि बराचसा बंदिस्त, तर मन्नारचे आखात दक्षिणेकडे झपाट्याने खोल होत खुल्या हिंदी महासागराला मिळते. तेथील मच्छीमार पाल्कच्या बाजूला ‘पेण कडल’, म्हणजे बाईसमुद्र, आणि मन्नारच्या बाजूला ‘आण कडल’, म्हणजे पुरुषसमुद्र म्हणतात. कोणत्याही नकाशापेक्षा या दोन शब्दांतून त्या जागेचा स्वभाव अधिक नेमका कळतो, असे मला वाटते. एका बाजूला पाणी तळ्यासारखे निवांत असते आणि शंभर-दोनशे पावले चालून पलीकडे गेले की लाटा आदळत असतात.

सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी, शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा जवळजवळ १२० मीटरने खाली होती. तेव्हा भारत आणि श्रीलंका जमिनीने जोडलेले होते. पुढे बर्फ वितळले, पाणी चढले आणि साधारण सात हजार वर्षांपूर्वी ही जोडणी समुद्राखाली गेली. त्या बुडालेल्या उंचवट्यावर प्रवाळ वाढले आणि प्रवाळांच्या आधाराने वाळू साचत गेली. नैऋत्य मोसमी वाऱ्यांच्या काळात मन्नारच्या बाजूने आणि ईशान्य वाऱ्यांच्या काळात पाल्कच्या बाजूने लाटा ही वाळू सतत हलवत असतात. त्यामुळे टोकाचा आकार दर हंगामाला बदलतो. कधी ते एका बाजूला वळलेले दिसते, कधी लांबते, कधी अर्धे पाण्याखाली जाते. मर्यादवेल आणि ‘रावणाच्या मिशा’ या नावाने तमिळमध्ये ओळखले जाणारे काटेरी गवत उडत्या वाळूला थोडेफार धरून ठेवते, तेवढाच तिला आधार.

धनुष्कोडी या नावाचा अर्थ धनुष्याचे टोक. रामाने धनुष्याच्या टोकाने सेतू मोडला, अशी तेथील कथा आहे. काशीयात्रेशी या जागेचे नाते जुने आहे. सेतूची वाळू उत्तरेस नेऊन गंगेत सोडायची आणि गंगाजल आणून रामेश्वराला अभिषेक करायचा, तेव्हा यात्रा पुरी होते, असे मानले जाते. एकनाथांनी रामेश्वरासाठी आणलेली कावड वाळवंटात तहानेने तळमळणाऱ्या गाढवाला पाजली, ही कथा आपल्याकडे घरोघर सांगितली जाते. ती कावड याच वाटेवरची. रामनाथपुरमच्या राजांनी तर ‘सेतुपती’, म्हणजे सेतूचे रक्षक, हीच उपाधी धारण केली होती.

आधुनिक धनुष्कोडी उभे राहिले ते १९१४ साली. त्या वर्षी रामेश्वर बेटाला मुख्य भूमीशी जोडणारा पांबनचा रेल्वेपूल खुला झाला आणि मद्रासहून कोलंबोला जाणारी ‘बोट मेल’, जी त्याआधी तुतिकोरिनमार्गे जात असे, थेट या वाळूवर येऊ लागली. प्रवासी धनुष्कोडीला गाडीतून उतरून आगबोटीत बसत आणि तलैमन्नारला पुन्हा गाडी पकडत. पांबनला फाटा फुटत असे आणि मुख्य मार्ग धनुष्कोडीकडे जाई. रामेश्वरकडे जाणारी ती शाखा होती. स्थानक, टपाल कार्यालय, जकातीचे ठाणे, शाळा, चर्च अशी सगळी वस्ती उभी राहिली. अंतर सर्वांत कमी म्हणून जागा निवडली गेली आणि हिशेबाने ती बरोबरही होती. पण ज्या उथळपणामुळे अंतर कमी होते, त्याच उथळपणात पुढचा धोका दडलेला होता.

डिसेंबर १९६४ मध्ये अंदमानच्या दक्षिणेकडील समुद्रात उगम पावलेले चक्रीवादळ श्रीलंकेचा उत्तर भाग ओलांडून २२ च्या रात्री धनुष्कोडीवर आले. खोल समुद्रात वाऱ्याने ढकललेल्या पाण्याला खाली आणि बाजूंना वाट मिळते. उथळ उपसागरात ती मिळत नाही आणि पाणी भिंतीसारखे चढत जाते. येथे पट्टीची उंची अवघी काही मीटर होती. पाणी एका समुद्रातून दुसऱ्या समुद्रात तिच्यावरूनच गेले. पांबनहून मध्यरात्रीच्या सुमारास निघालेली पॅसेंजर गाडी धनुष्कोडीजवळ पोहोचली असताना शंभरावर माणसांसह वाहून गेली आणि त्यांतले कोणीही वाचले नाही. या वादळातील एकूण मृत्यूंचा अंदाज अठराशेच्या आसपास सांगितला जातो. पांबनचा पूल रेल्वेचे अभियंते ई. श्रीधरन यांच्या देखरेखीखाली ४६ दिवसांत पुन्हा उभा राहिला, परंतु धनुष्कोडीचा लोहमार्ग पुन्हा टाकला गेला नाही. सरकारने हे गाव राहण्यास अयोग्य ठरवले आणि आगबोटी रामेश्वरहून सुटू लागल्या.

त्या अवशेषांमध्ये चर्चच्या भिंतीजवळ थांबावे. गिलावा झडलेल्या दगडांवर बारीक बारीक ताऱ्यांसारख्या खळग्या दिसतात, कारण ते प्रवाळाचे दगड आहेत. गाव ज्या समुद्राने नेले, त्याच समुद्राच्या तळातून काढलेले. तेथून जवळच मच्छीमार कुटुंबांच्या झोपड्या आहेत. सरकारी नोंदीत ओसाड ठरलेल्या या जागी ही माणसे परत आली, कारण मासे येथेच होते आणि पाणीही होते. दोन्ही बाजूंना खारा समुद्र असताना वाळूत हातभर खड्डा खणला की गोडे पाणी लागते. पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्यामुळे त्याच्यावर तरंगत राहते. उपसा बेताचा ठेवला तरच हा थर टिकतो. जोराने उपसले की खालचे खारे पाणी वर चढते. बायका करवंटीने किंवा वाटीने थोडे थोडे पाणी भरतात, त्यामागे हे ज्ञान आहे.

२०१७ मध्ये अरिचल मुनैपर्यंत पक्का रस्ता झाला. त्याआधी वाळू आणि पाणी तुडवत जाणाऱ्या गाड्यांखेरीज टोकापर्यंत पोहोचणे कठीण होते. रस्ता टिकावा म्हणून त्याच्या कडेला जाळीत बांधलेल्या दगडांचे बांध घातले आहेत. सरकणाऱ्या वाळूला स्थिर कडा दिली की लाटांचा जोर आजूबाजूला वळतो, ही किनाऱ्यावरच्या कोणत्याही बांधकामाची अडचण येथेही लागू आहे, आणि माझ्या मते या रस्त्यावरील गर्दीइतकीच तीही काळजीची बाब आहे.

पक्षी मात्र या अस्थिरतेवरच जगतात. वाळूचे दांडे पुढे सरकले की त्यांच्या आड पाणी अडून उथळ खारी तळी तयार होतात. ऊन आणि क्षार यांमुळे त्यांत सूक्ष्म शेवाळ आणि बारीक कोळंबीवर्गीय जीव भरपूर वाढतात. ईशान्य मोसमी पाऊस सरत आला की हिवाळ्यात रोहितांचे थवे येथे उतरतात. मन्नारच्या आखातातील २१ बेटांना १९८६ मध्ये सागरी राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि १९८९ मध्ये भोवतालचा विस्तृत परिसर जीवावरण राखीव क्षेत्र ठरला. त्यामुळे प्रवाळ आणि सागरी गवताकडे लक्ष गेले, पण या चिखलाच्या तळ्यांना स्वतंत्र संरक्षण मिळायला २०२५ उजाडावे लागले. तेथे रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून, पायांनी गाळ ढवळत एकेक पाऊल पुढे सरकतो, आणि त्याच्या पाठीमागे ढवळलेला गाळ हळूहळू खाली बसत जातो.