गणिती लायब्ररीच्या आवृत्त्यांचे बेंचमार्किंग

गणिती सॉफ्टवेअर लायब्ररीच्या, म्हणजे तयार फंक्शनांच्या संचाच्या, दोन आवृत्त्यांकडून तेच काम त्याच परिस्थितीत करवून घेऊन वेग आणि मेमरीचा वापर किती बदलला हे मोजणे, याला आवृत्त्यांचे बेंचमार्किंग म्हणतात. नवी आवृत्ती वेगवान असल्याचे दाखवण्यापेक्षा ती नकळत मंदावली तर नाही ना, हे वेळीच ध्यानात येणे हा त्याचा मोठा उपयोग आहे. कारण उत्तर बरोबरच येत असल्यामुळे नेहमीच्या चाचण्यांत अशी घसरण, म्हणजे परफॉर्मन्स रिग्रेशन, सापडत नाही.

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेतील, संख्यांच्या याद्यांवर (अ‍ॅरेंवर) गणिते करणाऱ्या नमपाय या लायब्ररीसाठी ‘एअरस्पीड व्हेलॉसिटी’ ऊर्फ एएसव्ही हे साधन वापरले जाते. ते हवी ती कमिट, म्हणजे कोडमधील बदलाची एक नोंद, वेगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये (स्वतंत्र मांडणीत) बिल्ड करते, ठरवून दिलेली फंक्शने पुन्हापुन्हा चालवून त्यांना लागणारा वेळ नोंदवते आणि कमिटगणिक आलेख काढते. घसरण दिसल्यास इतिहासाचे निम्मेनिम्मे भाग करत दोषी कमिटपर्यंत पोहोचण्याची सोयही त्यात आहे.

खरी अडचण मोजण्यात नसून फरकाचे श्रेय कोणाला द्यायचे यात असते. नमपायमध्ये दोन मोठ्या दशांश मॅट्रिक्सचा गुणाकार केला की प्रत्यक्ष आकडेमोड ओपनब्लाससारखी ब्लास लायब्ररी, म्हणजे मॅट्रिक्सच्या मूलभूत आकडेमोडीसाठीची वेगळी लायब्ररी, करते. तेव्हा नमपायबरोबर ओपनब्लासही बदलले असेल, तर मिळालेला आकडा नमपायविषयी फारसे काही सांगत नाही. म्हणून कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम), ब्लास आणि थ्रेडची, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांची, संख्या कायम ठेवावी लागते. प्रोसेसरची टर्बो वारंवारता, म्हणजे तात्पुरता वाढणारा वेग, बंद करणे आणि प्रोग्राम प्रोसेसरच्या ठरावीक कोअरला (गणनाघटकाला) बांधून ठेवणेही हिताचे असते, एरवी तापलेल्या लॅपटॉपवर तीच आवृत्ती स्वतःपेक्षाच संथ ठरू शकते. वेगळे सांगितले नसेल तर एएसव्ही तुलनेत दहा टक्क्यांच्या आतला फरक दुर्लक्षिते, ते योग्यच म्हणावे लागेल.

डेटाचा आकारही निकाल फिरवतो. दहा घटकांच्या अ‍ॅरेंची बेरीज करताना बहुतेक वेळ फंक्शन बोलावण्यात आणि डेटाप्रकार तपासण्यात जातो, तर कोट्यवधी घटकांच्या बेरजेत मेमरीचा वेग निर्णायक ठरतो. त्यामुळे एकाच आकारावरून काढलेला निष्कर्ष फसवा असतो.

वेगाबरोबर अचूकताही तपासावी लागते. २०१४ साली आलेल्या नमपाय १.९ मध्ये दशांश संख्यांची बेरीज जोडीजोडीने करण्याची पद्धत आली आणि पूर्णांकनाची चूक घटली. अशा बदलानंतर दोन्ही आवृत्त्यांची उत्तरे शेवटच्या काही अंकांत वेगळी येतात. ती अंकागणिक जुळावीत अशी अट घालणारी तुलना सुधारणेलाच दोष ठरवते.