गळ्यातली चेन खेचली, मग ते स्नॅचिंग का जबरी चोरी?

पेपरात “बाइकवरून आले नि मंगळसूत्र खेचून पळाले” असं आलं की कोणी त्याला लूट म्हणतं, कोणी थेट दरोडा. दरोडा तर नाहीच, त्याला पाच जण तरी लागतात, बाइकवरच्या दोघांनी दरोडा पडत नाही. खरा घोळ स्नॅचिंग (झटक्यात हिसकावणं) आणि जबरी चोरी (रॉबरी) यांत आहे.

आयपीसीत, म्हणजे जुन्या भारतीय दंड संहितेत, देशभरासाठी स्नॅचिंगचं असं वेगळं कलम नव्हतं, बहुतेक वेळा कलम 379 ची साधी चोरी नाहीतर 392 ची जबरी चोरी लागायची. 1 जुलै 2024 ला तिच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि स्नॅचिंगला स्वतःचं कलम 304 मिळालं, जास्तीत जास्त 3 वर्षं. जबरी चोरी आता 309, तिथे 10 वर्षांपर्यंत सक्तमजुरी, आणि अंधार पडल्यावर हायवेवर केली तर 14 पर्यंत.

आता गंमत अशी की जोर लावून हिसकावणं 304 मधेच धरलंय, म्हणजे नुसता जोर लावला म्हणून जबरी चोरी होत नाही. तो जोर चेनवर होता का बाईवर, हे बघायचं. चोरीसाठी किंवा माल घेऊन पळताना मुद्दाम दुखापत केली, तसा प्रयत्न केला, अडवून धरलं, नाहीतर आत्ताच्या आत्ता मारीन अशी भीती घातली तर 309, रक्त यायलाच पाहिजे असं काही नाही. चेन ओढताना मानेवर ओरखडा उठला तर मात्र वकील भांडणारच, की तो मुद्दाम केला का ओघात झाला. आणि चोराने माल टाकून दिला, मग फक्त सुटायला दगड मारला, तर दुखापतीचा गुन्हा होतो पण जबरी चोरी नाही!

अमेरिकेतही 2019 मधे स्टोकलिंग खटल्यात हे सगळं गळ्यातल्या चेनवरूनच रंगलं. तिथे बेकायदा बंदूक बाळगताना सापडलेल्या माणसाच्या नावावर आधीचे तीन हिंसक किंवा ड्रग्जचे गंभीर गुन्हे असले की किमान 15 वर्षं, त्यामुळे फ्लोरिडातली जुनी रॉबरी हिंसक धरायची का हा प्रश्न. तिथे रॉबरीला समोरच्याचा विरोध मोडावा लागतो, नुसत्या हिसकावण्याला वेगळं कलम आहे. सुप्रीम कोर्ट 5 विरुद्ध 4 ने म्हणालं, विरोध मोडण्याइतका जोर म्हणजे हिंसकच. विरोधात मत देणाऱ्या न्यायमूर्ती सोटोमायॉर यांचा आक्षेप होता की मग पर्सचा पट्टा कोणी क्षणभर धरून ठेवला तरी हिंसा होईल, आणि मला तरी तो पटतो.

आपल्याकडे असा हिंसकचा शिक्का वेगळा मारत नाहीत, शिक्षेची मर्यादा कलमावरूनच ठरते. म्हणून एफआयआर देताना नुसतं “चेन खेचली” सांगून थांबू नका, ढकललं असेल, चाकू दाखवला असेल तर तेही लिहून घ्यायला लावा, 304 चं 309 होतं ते त्यावरच.