अशनिपाताचे संकट

लघुग्रह किंवा धूमकेतू पृथ्वीवर आदळल्यामुळे मानवजातीच्या अस्तित्वावर ओढवू शकणारे संकट. आकाशात क्षणभर चमकून विझते ती उल्का आणि वातावरणात पूर्णपणे न जळता जमिनीपर्यंत पोचतो तो अशनी. २२ मे २०१२ रोजी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात असेच दगड पडले होते. एवढ्या लहान अशनींनी मोठी हानी होत नाही. परंतु व्यास दुप्पट झाला की वस्तुमान आठपट होत असल्यामुळे आकाराबरोबर धोका फार झपाट्याने वाढतो.

पुण्यात या विषयाची एक बाजू पायाखालीच आहे. पर्वती, वेताळ टेकडी आणि पाताळेश्वराची लेणी ज्यात कोरली तो काळा पाषाण, हे सारे दख्खनच्या लाव्हाचे थर असून त्या उद्रेकांचा काळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. त्याच काळात मेक्सिकोतील चिक्शुलूब येथे सुमारे १० किमी व्यासाचा लघुग्रह आदळून जवळजवळ १८० किमी रुंदीचे विवर तयार झाले आणि डायनोसॉरांसह सुमारे तीन चतुर्थांश जीवजाती नष्ट झाल्या. या संहाराचे कारण आपल्याकडचा लाव्हा की तो आघात, हा वाद दीर्घकाळ चालला. १९८० मध्ये लुईस व वॉल्टर अल्वारेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या काळच्या मातीच्या पातळ थरात इरिडियमचे असाधारण प्रमाण दाखवून दिले. पृथ्वीच्या कवचात हे मूलद्रव्य दुर्मीळ, तर अशनींमध्ये तुलनेने विपुल असते. त्यामुळे पुराव्यांचे पारडे आज आघाताकडे झुकलेले आहे, मात्र लाव्हाचा वाटा पूर्णपणे नाकारता येत नाही. बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे सुमारे १.८ किमी व्यासाचे विवर याच बेसॉल्टमध्ये (लाव्हा थिजून बनलेल्या काळ्या पाषाणात), पण पुष्कळ नंतर, आघातानेच पडले.

मोठ्या आघातात खरा घात प्रत्यक्ष धडकेपेक्षा त्यानंतरच्या अंधाराने होतो. वर उडालेली धूळ, आगींची काजळी आणि गंधकाची संयुगे सूर्यप्रकाश अडवतात, तापमान घसरते व प्रकाशसंश्लेषण मंदावते. एक खरीप आणि पाठोपाठ एक रब्बी हंगाम जगभर एकाच वेळी बुडाला, तर आघातस्थळापासून हजारो किलोमीटर दूर असलेल्यांच्या ताटातही अन्न उरणार नाही. मानवी अस्तित्वाचा प्रश्न येथेच उभा राहतो.

लहान आघातांची हानी स्थानिक असते. ३० जून १९०८ रोजी सायबेरियात तुंगुस्का नदीच्या परिसरात झालेल्या हवेतील स्फोटाने २,००० चौ. किमीहून अधिक जंगल आडवे केले. १५ फेब्रुवारी २०१३ रोजी रशियातील चेल्याबिन्स्कवर सुमारे २० मीटरचा लघुग्रह फुटला तेव्हा दीड हजारांच्या आसपास माणसे जखमी झाली, ती मुख्यतः खिडक्यांच्या काचा फुटून. सूर्याच्या दिशेने आल्यामुळे तो आधी कोणत्याही दुर्बिणीला दिसलेला नव्हता.

भूकंपाची तारीख आधी सांगता येत नाही; लघुग्रहाची कक्षा मात्र गणिताने काढता येते, आणि म्हणूनच हे संकट टाळण्याजोगे आहे. पृथ्वीजवळून जाणाऱ्या १ किमीहून मोठ्या लघुग्रहांपैकी बहुतेक सापडले असून त्यांपैकी एकही पुढील शंभर वर्षांत धडकणार असल्याचे दिसत नाही. पण १४० मीटरहून मोठ्या लघुग्रहांपैकी निम्मेही अद्याप सापडलेले नाहीत, आणि चिंतेची जागा ती आहे. २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाच्या ‘डार्ट’ यानाने डिमॉर्फोस या सुमारे १६० मीटरच्या लघुग्रह-चंद्राला, म्हणजे मोठ्या लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या लहान लघुग्रहाला, मुद्दाम धडक देऊन त्याचा सुमारे १२ तासांचा प्रदक्षिणाकाळ जवळजवळ ३३ मिनिटांनी घटवला. धोका काही वर्षे आधी कळला, तर एवढा हलका धक्काही लघुग्रहाला पृथ्वीच्या वाटेवरून बाजूला सारू शकतो.

पुण्यात आकाशाकडे डोळसपणे पाहण्याची परंपरा जुनी आहे: हौशी निरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून कार्यरत आहे, तर खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर जिचे संस्थापक-संचालक होते त्या ‘आयुका’ या खगोलशास्त्र संशोधन संस्थेची २ मीटर व्यासाची दुर्बीण पुणे जिल्ह्यातील गिरवली येथे आहे. भारतीय वेळेनुसार १४ एप्रिल २०२९ च्या पहाटे अपोफिस हा सुमारे ३५० मीटरचा लघुग्रह पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३२,००० किमी अंतरावरून, म्हणजे पृथ्वीवरून आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या भूस्थिर उपग्रहांच्याही आतून, धडक न देता निघून जाईल.