‘बीट फोर’ ते एकट्याचा बँड

साठच्या दशकात पणजीत काही शाळकरी मुलांनी ‘द बीट फोर’ नावाचा बँड काढला. नाव बीटल्सवरून घेतलं हे सांगायला नको. बँड अल्पायुषी ठरला. आज त्याचं नाव निघतं ते त्यातल्या एका मुलामुळे, गोव्याचे पॉप गायक रेमो फर्नांडिस यांच्यामुळे.

रेमोंचा जन्म पणजीतला, 1953 सालचा. ते सात वर्षांचे असताना लंडनहून आलेल्या चुलतभावाने बिल हेलीची ‘रॉक अराउंड द क्लॉक’ ही रेकॉर्ड आणली आणि घरात रॉक शिरलं. पण नुसती रेकॉर्ड ऐकून बँड उभा राहत नाही. वाजवणारे हात लागतात. गोव्यात चर्चला जोडलेल्या शाळांतून मेस्त, म्हणजे मास्तर, पिढ्यान्‌पिढ्या मुलांना सोल्फेज, म्हणजे पाश्चात्य ‘डो-रे-मी’ स्वरपाठ, घोकायला लावत आणि हातात व्हायोलिन देत. मंगेशी, केरीच्या देवळांभोवती जशी दीनानाथ मंगेशकर, केसरबाई केरकरांच्या गाण्याची जमीन तयार झाली, तशीच ही पाश्चात्य संगीताची दुसरी जमीन. दोन्हींमध्ये अंतर जेमतेम काही मैलांचं, ये-जा मात्र फारच कमी. या शाळांतून निघालेली माणसं मुंबईच्या सिनेमासंगीतात पोहोचली: माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस, शंकर-जयकिशनचे अरेंजर (वाद्यमेळ रचणारे) सेबास्टियन डिसोझा, हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट.

म्हणजे वाजवणारे हात मुबलक. अडचण पुढची. गोव्यात बँडला पैसा मिळे तो लग्नांत, फेस्तांत (चर्चच्या उत्सवांत) आणि नाचांच्या रात्री. तिथे लोकांना ओळखीची गाणी हवीत. स्वतःचं गाणं वाजवलं तर नाचणारे खुर्च्यांकडे वळतात. त्यात विशी आली की घरातून विचारणा सुरू: पुढे काय? कुणी तारवटी होऊन बोटीवर जाई, कुणी आखातात, कुणी मुंबईला. आपल्या नाटक मंडळ्या भांडून फुटत. 1913 साली किर्लोस्कर मंडळीतून बालगंधर्व, बोडस, टेंबे बाहेर पडले ते सगळ्यांना पाठ आहे. गोव्यातले बँड बहुधा न भांडताच मोडत. ड्रमर गेला, मग बेसवाला गेला, संपलं.

रेमोंना वास्तुकला शिकायची होती. गोव्याचं स्वतःचं आर्किटेक्चर कॉलेज निघालं 1982 साली, त्यामुळे त्यांना त्यासाठी मुंबई गाठावी लागली. मुंबईत ते ‘द सॅव्हेजेस’मध्ये वाजवू लागले. हा तिथला गाजलेला बीट ग्रुप, म्हणजे बीटल्सच्या धाटणीचा बँड. रंगकर्मी आत्माराम भेंडे यांचे चिरंजीव नंदू भेंडेही काही काळ याच ग्रुपमध्ये गात. मराठी घरातला मुलगा आणि गोव्याचा मुलगा एकाच ग्रुपच्या इतिहासात सापडतात, पणजीत हे घडलं असतं का, शंकाच आहे.

पदवी घेऊन रेमो गोव्यात परतले, पण साथीला तो जुना बँड नव्हता. 1984 चा ‘गोअन क्रेझी’ हा अल्बम त्यांनी शिवोलीच्या घरी चार ट्रॅकच्या छोट्या रेकॉर्डरवर केला. वाद्यं स्वतः वाजवली, सगळे आवाज स्वतःचे, मुखपृष्ठसुद्धा स्वतः काढलं. बँडची गरज त्यांनी अशी मिटवली. गाणी मात्र गोव्याचीच, गोव्यावर चिमटे काढणारी, म्हणजे लग्नाच्या मांडवात जी वाजली नसती नेमकी ती. कॅसेट विकायला मोठी कंपनी पाठीशी नव्हती. तेव्हा पिवळ्या स्कूटरवर कॅसेटी लादून ते दुकानोदुकानी स्वतःच फिरले.