बाबांची फी भरण्याआधी हे वाचा

गणपतीला येऊन मुंबईला परत गेलात की आमच्या देवगडच्या जिमला हमखास फोन येतो, "बाबांची वर्षाची फी गुगल पे करतो, तुम्ही फक्त त्यांना रोज बोलवून घ्या." दिवाळीनंतर तोच मुलगा, "ते जातच नाहीत म्हणे, पैसे परत मिळतील का?" म्हणून आधीच सांगतो, नवीन माणसाची वर्षाची फी आम्ही घेतच नाही. पहिला महिना 600 रुपये, तेही बाबा स्वतः येऊन भेटल्यावर. काहींना वाटतं आम्ही भाव खातो, वाटू दे.

घोळ होतो तो मागे लागण्याने. शुगर निघाली की घरातले सगळे सुरू, चाला, भात कमी करा, शेजारचे काका बघा, आणि तुम्ही जेवढं "करा करा" म्हणता तेवढी समोरचा न करण्याची कारणं शोधतो, शेवटी "माका काय झाला नाय" म्हणून विषय बंद. विल्यम मिलर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने दारूच्या पेशंटांबरोबर काम करताना हेच बघितलं आणि 1983 साली वेगळी पद्धत मांडली, आम्ही तीच वापरतो. विचारायचं, व्यायाम तुम्हाला 0 ते 10 मध्ये किती महत्त्वाचा वाटतो? समजा म्हणाले 4. मुलगा लगेच म्हणणार, "फक्त 4?" झालं, वाजलं. आम्ही विचारतो, 4 का, 1 का नाही? मग ते स्वतःच सांगतात, आंब्याच्या कलमांत चढताना दम लागतो, नातवाला उचलवत नाही. त्यानंतर गप्प बसून ऐकायचं, हे मुलांना सगळ्यात जड जातं.

पुढचं सोपं आहे. सकाळचा चहा झाला की खळ्यात, म्हणजे अंगणात, 10 मिनिटं व्यायाम, पाऊस असला तर पडवीत, एवढं नक्की ठरवायचं. आठवड्याला 150 मिनिटं हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा हळूहळू गाठता येतो. आणि 21 दिवसांत सवय लागते हे व्हॉट्सॅपवरचं सोडा, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजच्या अभ्यासात साधारण 66 दिवस निघाले, माणसामाणसात 18 पासून 254 पर्यंत फरक, आणि एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. तेव्हा "काल का नाही गेलात" असा फोन करू नका.

हजेरीही आम्ही बाबांना विचारल्याशिवाय मुलाला कळवत नाही, त्यावरून रागावू नये. बीपी, हार्टचा त्रास असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी आणा. पहिली भेट फुकट, संध्याकाळी 4 ते 6. आईलाही पाठवा, बायकांची बॅच सकाळी 10 ला वेगळी आहे.