शाळा सोडल्याचा दाखला आणि शिक्षण हमी कार्ड: फडावर निघालेल्या पोराला काय द्यायचं?

दसरा-दिवाळीच्या सुमारास बीड, जालना, परभणीकडच्या गावांत ऊसतोड मजुरांना न्यायला मुकादमाच्या गाड्या लागतात आणि शाळेच्या ऑफिसात दरवर्षीचं वाक्य ऐकू येतं: "गुरुजी, आम्ही कारखान्याला चाललो, पोराचा दाखला द्या." बापाला हवा असतो तिकडच्या शाळेत पोराला बसू देतील असा एखादा कागद. अशा कागदाला तो दाखलाच म्हणणार, त्यात त्याची चूक नाही. चूक त्या मुख्याध्यापकांची, जे पुस्तक काढून खरोखरच दाखला फाडून देतात. द्यायचं असतं ते शिक्षण हमी कार्ड, म्हणजे हंगामापुरतं दुसऱ्या शाळेत बसता यावं म्हणून मूळ शाळेने दिलेला कागद.

शाळा सोडल्याचा दाखला काय असतो हे सांगत बसत नाही, तो प्रत्येकाच्या घरी ट्रंकेत आहे. भटक्या-विमुक्तांच्या बाबतीत मात्र एक गोष्ट सांगायलाच हवी. जातीच्या प्रमाणपत्रासाठी या प्रवर्गाला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीपासून महाराष्ट्रात वास्तव्य असल्याचा पुरावा मागतात. पाल ठोकत फिरलेल्या कुटुंबाकडे सातबारा कुठून असणार? अशा घरात शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद हाच बहुतेक वेळा पहिला लेखी कागद. म्हणून प्रवेशाच्या वेळी तिथे नुसतं 'हिंदू' किंवा मोघम 'भटका' असं लिहू नका. गोपाळ, वैदू, मसणजोगी, जी असेल ती जात नीट अक्षरात लिहा.

आता खरा घोळ. लोकांना वाटतं, हमी कार्ड म्हणजे तात्पुरता दाखला. 'तात्पुरता दाखला' हा शब्दच डोक्यात जातो, कारण अशी चीज अस्तित्वातच नाही. दोन्ही कागदांवर नाव, इयत्ता, सही, शिक्का असतो, त्यामुळे ते सारखे दिसतात. पण पटावर त्यांचा परिणाम अगदी उलटा होतो. दाखला दिला की नाव खारीज. इकडचा पट संपला आणि तिकडचा अजून सुरू झालेला नाही. तिकडे गेल्यावर आई-बाप पहाटे ऊस तोडायला जातात, शाळा दोन-तीन किलोमीटरवर, धाकट्याला सांभाळायला कोणी नाही. दाखला पत्र्याच्या पेटीत तसाच पडून राहतो. चार-पाच महिने ते पोर महाराष्ट्रातल्या कुठल्याच शाळेचं नसतं. कुणी शोधत येत नाही, कारण कुणाच्याच हजेरीत त्याची गैरहजेरी लागत नाही.

हमी कार्डात नाव मूळ शाळेच्या पटावरच राहतं. कार्ड सांगतं, 'हा आमचा विद्यार्थी आहे, हंगामापुरता तुमच्याकडे आला आहे, त्याला वर्गात बसवा.' एका शाळेची जबाबदारी कायम ठेवून दुसरीची त्यात भर घालणारा हा कागद आहे. इंग्लंडमध्ये जिप्सी, रोमा आणि ट्रॅव्हलर मुलांसाठी याच विचाराने दुहेरी नोंदणी चालते: आई-बाप कामधंद्यासाठी फिरतीवर असताना मूळ शाळा नाव काढत नाही आणि मुक्कामाजवळची शाळाही नाव घेते.

पुष्कळ शाळा तर कार्डही देत नाहीत आणि दाखलाही नाही. शिक्षकांची पदं ३० सप्टेंबरच्या पटावर ठरतात. तो आकडा एकदा वरच्या ऑफिसात कळवला की ऑक्टोबरात निघालेल्या पोराची फिकीर कुणाला? नाव पटावर आणि पोर फडात. सलग ३० दिवसांहून जास्त गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरायचं असतं, हे माहीत असूनही नोंद होत नाही.

देताना काय पाहायचं? एका मुलाला एक कार्ड. दोन भावंडांची नावं एकाच कार्डावर नकोत, थोरला आजीकडे परत पाठवला की धाकट्याचं अडतं. कुठे चालला हे 'प. महाराष्ट्र' असं लिहू नका. कारखान्याचं नाव, तालुका, मुकादमाचा नंबर आणि मुख्याध्यापकांचा स्वतःचा मोबाइल नंबर लिहा. मूल आत्ता काय वाचतं, कोणती गणितं करतं, हे दोन ओळींत लिहा. 'प्रगती समाधानकारक' हे वाक्य वाचून कुठल्याही शिक्षकाला काही कळत नाही. पाठ्यपुस्तकं सोबत द्या.

पोचल्यावर पालकांनी गाडीतळाजवळच्या (मजुरांच्या मुक्कामाजवळच्या) शाळेत पहिल्याच आठवड्यात कार्ड दाखवावं. तिथे ठरलेलं उत्तर मिळतं: "दाखला आणा, मग बघू." हे उत्तर बेकायदा आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ नुसार दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही. वयाचा पुरावा नाही (कलम १४), वर्ष सुरू होऊन महिने झाले (कलम १५), हीही कारणं चालत नाहीत. कार्ड भिजलं, हरवलं तरी मूल परत पाठवायचं नाही. मूळ शाळेला फोन लावायचा. हा कायदा आठवीपर्यंतच आहे, नववी-दहावीला त्याचा आधार नाही.

कार्ड सगळीकडे चालतं असंही नाही. पोर आजीपाशी गावातच राहणार असेल तर हंगामी वसतिगृह (आई-बाप फडावर असताना गावातच केलेली मुलांची सोय) बरं. बेळगाव-बागलकोटकडे जाणाऱ्यांनाही तेच. कन्नड शाळेत मराठी तिसरीचं पोर कोपऱ्यात बसून राहतं. मेंढरं घेऊन कोकणात उतरणाऱ्या धनगरांचा वाडा तर सारखा हलत असतो, तिथे एका शाळेला धरून चालणारं कार्ड कुचकामी.

सगळ्यात जास्त विसरतं ते परतीचं. निघताना तिथल्या मुख्याध्यापकांकडून हजेरीचे दिवस आणि काय शिकवलं ते सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या, कार्डावर जागा नसेल तर साध्या कागदावर. गाडी रात्रीतून निघते, म्हणून पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या, आधीच हे उरकायचं. आणि गावी परतलेल्या पोराकडून नव्याने प्रवेश अर्ज भरून घेऊ नका. त्याचं नाव कुठे गेलंच नव्हतं; हजेरी तेवढी पुढे चालू करायची.