"डी पुढे गेला" म्हणजे नक्की काय केलं? रशमध्ये जाणं वेगळं आणि पिंच करणं वेगळं

हौशी आइस हॉकीत बेंचवरून सगळ्यात जास्त ऐकू येणारी ओरड म्हणजे "डी, मागे थांब!" (डी म्हणजे डिफेन्समन, मागे बचाव सांभाळणारा खेळाडू) आणि गंमत अशी की दोन मिनिटांनी तीच मंडळी "अरे डी कुठाय, वर ये ना" असंही ओरडत असतात. बिचाऱ्या डिफेन्समनने करायचं काय? मला वाटतं गोंधळ त्या "पुढे गेला" या शब्दातच आहे, कारण त्यात आपण दोन पूर्ण वेगळ्या गोष्टी कोंबतो आणि मग एकीचा राग दुसरीवर काढतो. एक म्हणजे रशमध्ये सामील होणं आणि दुसरी पिंच करणं.

रश म्हणजे पक (आइस हॉकीतली चपटी रबरी चकती) आपल्याला मिळालाय, आपल्या झोनमधून (रिंकचा आपल्या गोलकडचा भाग) किंवा मधल्या भागातून आपण वर निघालोय, तीन फॉरवर्ड पुढे आहेत आणि त्यांच्या मागोमाग एक डी चौथा म्हणून येतोय. पिंचमध्ये खेळ आधीच समोरच्यांच्या झोनमध्ये चालू असतो, आपले दोन्ही डी ब्लू लाइनवर (त्या झोनच्या सीमेची निळी रेषा) उभे असतात, समोरचे बोर्डच्या (रिंकभोवतीच्या भिंतीच्या) कडेकडेने पक बाहेर काढायला बघत असतात, आणि त्या बाजूचा डी ब्लू लाइन सोडून बोर्डलगत खाली सरकतो, पक आतच अडवायला.

दोन्हीत माणूस पुढेच जातो, म्हणून लांबून सारखंच दिसतं. पण एकच प्रश्न विचारला की फरक लगेच कळतो: आत्ता पक कोणाकडे आहे? रशमध्ये आपल्याकडे आहे. पिंचमध्ये तो कोणाकडेच नाहीये, किंवा खरं सांगायचं तर जवळजवळ त्यांच्याकडे गेलाय. म्हणून रशला जाताना विचार करायला दोन-तीन सेकंद मिळतात आणि पिंचला अर्धासुद्धा मिळत नाही.

आता लोकांना पिंच स्वस्त का वाटतं ते बघा. उत्तर अमेरिकेतला नेहमीचा रिंक 200 फूट लांब आणि 85 फूट रुंद असतो. रशमध्ये डी सहज शंभरेक फूट स्केटिंग करतो, पिंचमध्ये दहा-पंधरा फूट, म्हणजे दोन ढांगा. त्यामुळे दमलेला माणूस रशला नाही म्हणतो आणि पिंचला मात्र "काय, जरा पुढेच तर गेलो" म्हणत बिनधास्त जातो. इथेच गणित उलटं होतं. पिंच फसलं की पक तुमच्या मागे, त्यांचा विंगर (कडेने खेळणारा फॉरवर्ड) वेगात पुढे निघालेला, आणि तुमचं तोंड नेमकं उलट्या दिशेला, वेग शून्य. वळेपर्यंत तुमचा जोडीदार एकटा आणि समोरून दोघं येतायत. रश फसला तर बहुतेक वेळा पक कोपऱ्यात जातो किंवा त्यांच्या गोलकीपरच्या हातात थांबतो, त्यांना परत अख्खा रिंक पार करायचा असतो, आणि तुम्ही आधीच वेगात असल्याने एक वळसा घेऊन मागे येऊ शकता. अपवाद एकच, पक त्यांच्या ब्लू लाइनवरच गमावला तर, तेव्हा रशसुद्धा तेवढाच महाग पडतो.

म्हणजे माझं मत विचाराल तर हौशी खेळात डीने रशला आत्ता जातात त्यापेक्षा जास्त जावं आणि पिंच आत्ता करतात त्याच्या निम्म्याने करावं. सगळीकडे नेमकं उलट चालतं.

रशमध्ये डीची जागा म्हणजे घाईघाईने गोलसमोर जाऊन गर्दी करणं नव्हे. एक फॉरवर्ड सरळ गोलकडे घुसतो आणि त्यांचा एक डी सोबत ओढून नेतो, पकवाला ब्लू लाइन ओलांडून बोर्डजवळ जरा थांबतो, मागे वळून बघतो, आणि मधोमध एक मोठी मोकळी जागा असते, कारण हौशी खेळात त्यांचे मागे धावून येणारे फॉरवर्ड सगळ्यात आधी दमतात. त्या जागेत उशिरा पोचायचं, स्टिक बर्फावर टेकवून. तिथून साधा मनगटाचा शॉट पुरतो, बऱ्याच हौशी लीगमध्ये स्लॅपशॉट (स्टिक मागे उचलून मारलेला जोरदार शॉट) मारू देत नाहीत तेही बरंच आहे. फक्त पकच्या आधी आत घुसू नका, दोन्ही स्केट ब्लू लाइनच्या पूर्ण पलीकडे गेले आणि पक अजून बाहेर असेल तर ऑफसाइड, आणि अख्खा रश वाया. लवकर पोचलात तर एक पाय लाइनवर ठेवून रेंगाळा.

पिंचचं बारकाईने बघायचं झालं तर नजर पकवर नको, तो घेणाऱ्या विंगरवर हवी. पक बोर्डला घासत त्याच्याकडे येतोय, त्याची पाठ तुमच्याकडे आहे का? बॅकहँडवर घ्यावा लागतोय का? पक उड्या मारतोय का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, आपला तिसरा फॉरवर्ड वरच्या बाजूला थांबलाय का, का तिघंही गोलमागे खणत बसलेत? सगळ्याची उत्तरं बरी असतील तर जा, आणि जायचं तर पूर्ण जा. अर्धवट पिंच हा सगळ्यात वाईट प्रकार, ना पक मिळत ना जागा राहत.

अजून एक, टीव्हीवर बघून पिंच शिकणाऱ्यांनी हे लक्षात घ्या की व्यावसायिक खेळात डीचा पक हुकला तरी तो विंगरला बोर्डवर दाबून टाकतो, माणूस अडकला की पळापळ थांबते. बहुतेक हौशी लीगमध्ये बॉडीचेक (अंगाने धडक देऊन अडवणं) चालत नाही. म्हणजे तुमच्याकडे ती दुसरी संधीच नाहीये, पक मिळालाच पाहिजे. म्हणून नुसती स्टिक पुढे करू नका, स्टिकच्या मागे स्केट आणि नडगी बोर्डला लावून ठेवा, स्टिकवरून उडाला तरी पॅडला लागून आतच राहील.

मी हे शिकलो ते तोंडघशी पडूनच. एका गोलची आघाडी, शेवटची काही मिनिटं, माझी शिफ्ट (बर्फावरची पाळी) संपायला आलेली, आणि पक बोर्डवरून येताना दिसला तसा मी खाली गेलो, नुसती स्टिक लांब करून. तो स्टिकवरून उडाला. मागे वळून बघतो तर आमचा सेंटर (मधला फॉरवर्ड) बदलीसाठी बेंचकडे निघालेला! गोल झाला, गोलकीपरने काही न बोलता स्टिक दोनदा पोस्टवर आपटली. तेव्हापासून पिंच करायच्या आधी आपली बदली चालू आहे का ते बघतो.

हा कव्हरचा, म्हणजे तुमची सोडलेली जागा कोण सांभाळणार याचा, फरक नीट समजून घ्या. रशला जाताना "मी चाललो" असं ओरडलं तरी चालतं, एखादा फॉरवर्ड मागे राहून तुमची जागा घेतो. पिंचमध्ये तो माणूस आधीपासून जागेवर असावा लागतो, आणि दुसऱ्या डीने त्याच क्षणी मध्यभागी सरकून मागे निघायचं. दोघं डी एकदम पुढे, हे दोन्हीत चालत नाही.

मोठ्या नावांचीच उदाहरणं हवी असतील तर पॉल कॉफीचं नाव रशसाठी घेतात, एनएचएल या उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमध्ये एडमंटन ऑयलर्सकडून 1985-86 मध्ये त्याने 48 गोल केले, डिफेन्समनचा एका मोसमाचा तो विक्रम अजून तसाच आहे. त्याआधीचा 46 चा विक्रम बॉबी ऑरचा. आणि ऑरचा हवेत आडवा उडतानाचा तो प्रसिद्ध फोटो, 10 मे 1970, स्टॅनली कप (एनएचएलचं विजेतेपद) फायनलचा ओव्हरटाइम, ऑरचं बॉस्टन विरुद्ध सेंट लुईस, तो अनेकांना रश वाटतो. सुरुवात मात्र पिंचने झाली होती! सेंट लुईसवाले बोर्डवरून पक बाहेर काढत होते, ऑरने खाली येऊन तो अडवला, गोलमागे आपल्याच संघाच्या सँडरसनला दिला आणि स्वतः गोलकडे सुटला, पक परत मिळाला आणि गोल. बोर्डवर तो हुकला असता तर उलट्या दिशेला पळापळ झाली असती.

बेंचवाल्यांना एकच विनंती, रशच्या वेळी "जा, मागे माणूस आहे" असं ओरडा, त्याचा खरंच उपयोग होतो. पिंचसाठी ओरडू नका, तुमचा आवाज पोचेपर्यंत पक गेलेला असतो.